मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याची शिफारस : शाळेतून निघणारा कागद कसा असावा

गुहागर तालुक्यातील द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेतील चौथीचा एक मुलगा तोंडी हिशेब झटकन करतो आणि ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगतो, पण पुस्तक समोर धरले की अडखळतो आणि लिहिताना काना-मात्रा गाळतो. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत, आई मुंबईत घरकाम करते आणि मुलाचा सांभाळ आजीकडे आहे. त्याला मदत मिळावी म्हणून त्याला कोणाकडे पाठवावे, पत्रात काय लिहावे, आणि घरचे तयार झाले नाहीत तर काय करावे, असे त्या विचारतात.

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याच्या, कामात विशेष शिक्षक म्हणून या जिल्ह्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही, की बहुतेक शिफारशी शाळेतून निघालेल्या कागदावरच अडतात. रुग्णालय लांब आहे, तारखा उशिरा मिळतात, विशेष शिक्षकाकडे शाळा खूप असतात, या तक्रारी खऱ्या आहेत; परंतु ‘मुलगा अभ्यासात कच्चा आहे, लक्ष देत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढेच लिहिलेले पत्र घेऊन आजी तपासणीला पोहोचली, तर समोरच्या डॉक्टरांना त्यावरून काहीच करता येत नाही. ते मुलाला पाच-दहा मिनिटे पाहतात आणि मूल बोलके, हुशार दिसल्यामुळे ‘काही नाही, अभ्यास करून घ्या’ असे सांगून परत पाठवतात. मुलाला रोज पाच तास पाहणारी व्यक्ती शिक्षिका असते, आणि तिने पाहिलेले जर कागदावर आले नाही तर पुढच्या साखळीत ते कोणालाच दिसत नाही.

म्हणून पत्राच्या आधी नोंद हवी. दोन ते तीन आठवडे एका साध्या वहीत तारीख घालून, मत न लिहिता जे दिसले ते लिहावे. ‘वाचन कमजोर’ असे लिहिण्याऐवजी ‘दुसरीच्या पुस्तकातील पाच ओळींचा उतारा वाचायला दिला; साधे शब्द अक्षर-अक्षर जोडून वाचले; जोडाक्षर आले की थांबला; तोच उतारा मी वाचून दाखवल्यावर त्यावरील सर्व प्रश्नांची तोंडी उत्तरे बरोबर दिली’ असे लिहिले, तर त्या एका नोंदीत तपासणाऱ्याला अर्धी दिशा मिळते. लेखनाचेही तसेच आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते का, रफार गळतो का, वेलांटी चुकीच्या बाजूला पडते का, फळ्यावरून उतरवताना चुका जास्त होतात की श्रुतलेखनात, एकच शब्द एका पानावर तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो का, हे सारे पाहावे. फळ्यावरून चुका आणि ऐकून लिहिलेले बरोबर, असे असेल तर प्रश्न डोळ्यांचा असू शकतो. उलट असेल तर कानांकडे लक्ष गेले पाहिजे. वहीच्या मूळ पानांच्या छायाप्रती जोडाव्यात, आणि त्या तुम्ही लाल शाईने दुरुस्त करण्यापूर्वीच्या असाव्यात.

नोंदीत मुलाला काय येते हेही आले पाहिजे. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तोंडी हिशेब चांगला आणि लेखी वाचन फार मागे, हा फरकच या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. त्याचबरोबर तुम्ही वर्गात काय काय करून पाहिले, किती दिवस केले आणि त्याने काय बदलले, हे लिहावे. वाचन नीट शिकवलेच गेले नसेल तरी मूल मागे पडते, आणि तपासणारा माणूस सर्वांत आधी हीच शंका घेतो.

बोलीविषयी एक सावधगिरी बाळगावी. पानावर ‘कुठे’ छापलेले असताना सिंधुदुर्गातील एखादे मूल ‘खय’ वाचून सरळ पुढे जाते. त्याने अक्षरे ओळखली नाहीत असे नव्हे. त्याने अर्थ धरला आणि घरचा शब्द उच्चारला. अशा जागा वाचनाच्या चुकांत मोजू नयेत. आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांना घरात मराठी ऐकायलाच मिळत नाही, आणि रायगडमधील कातकरी मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. या मुलांचे मागे पडणे हे भाषेचे आणि गैरहजेरीचे आहे. त्यांना वयानुरूप वर्गात दाखल करून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, आणि स्थलांतर करणाऱ्यांसाठी, नव्या गावच्या शाळेत शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून, शिक्षण हमी कार्ड आहे. त्यांना अपंगत्वाच्या तपासणीच्या रांगेत उभे करणे चुकीचे आहे. अर्थात कातकरी मुलालाही वाचनाची अडचण असू शकते. फक्त ती ठरवण्यापूर्वी त्याला सलग शाळा मिळालेली असली पाहिजे.

आता शरीराची तपासणी. कोणत्याही मुलाच्या अध्ययनाची शंका लिहिण्यापूर्वी त्याचे डोळे आणि कान पाहून घ्यावेत, कारण हे सर्वांत स्वस्त, सर्वांत जवळचे आणि तरीही सर्वांत जास्त राहून जाणारे काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याचे फिरते आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणाच्या कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांची ते तपासणी करते. पथक येते त्या दिवशी हा मुलगा हजर असेल याची काळजी घ्यावी आणि डॉक्टरांना रांगेत सापडेल तेव्हा सांगण्यापेक्षा आधीच वेगळे सांगून ठेवावे. पथक नुकतेच येऊन गेले असेल तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. सहा मीटरवरून वाचायचा दृष्टितक्ता शाळेत असेल तर प्रत्येक डोळा वेगळा झाकून तुम्हीच पाहू शकता. कानांसाठी मुलाच्या मागे उभे राहून हळू आवाजात दोन-तीन शब्द उच्चारावेत आणि ते त्याला परत म्हणायला सांगावेत. आपल्याकडे पावसाळ्यात वाहणारा कान ‘होईल बरा’ म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिला जातो, आणि अशा मुलाला एका दिवशी ऐकू येते, दुसऱ्या दिवशी कमी येते. त्यामुळे शिक्षकाला ते मूल ‘मनात आले तर ऐकणारे’ वाटते. याच ओघात आणखी एक लक्षण सांगतो. मूल बोलता-बोलता काही सेकंद एकटक पाहत राहते, हाकेला ओ देत नाही आणि पुन्हा काही झालेच नसल्यासारखे पुढे चालू लागते, असे वारंवार दिसले तर ते दुर्लक्ष समजू नये. तो अपस्माराचा (फेफऱ्याचा) एक प्रकार असू शकतो आणि त्याला औषध आहे. तिथे तीन आठवड्यांची नोंद करत बसू नये. तारीख-वेळ लिहून थेट डॉक्टरांकडे पाठवावे.

डोळे-कान ठीक निघाले की शिफारस गट साधन केंद्राकडे, म्हणजे शाळांना शैक्षणिक मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राकडे, करावी. समग्र शिक्षा अभियानात प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक जोडलेले असतात. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, जावक क्रमांक घालून, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे द्यावे आणि केंद्रप्रमुखांना प्रत द्यावी. तोंडी सांगणे किंवा शिक्षण परिषदेत बाजूला घेऊन उल्लेख करणे पुरेसे नाही, कारण विशेष शिक्षकाची बदली झाली की तोंडी सांगितलेले सर्व त्याच्याबरोबर जाते. पत्रासोबत नोंदवहीच्या प्रती, वहीची पाने, आरोग्य तपासणीची चिठ्ठी आणि हजेरीचा तपशील जोडावा. शेवटी एक स्पष्ट प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, ‘या विद्यार्थ्यास वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता तपासावी आणि वर्गात कोणते बदल करावेत याविषयी मार्गदर्शन करावे.’ (विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकणे फार जड जाणे.) प्रश्न असलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते. ‘योग्य ती कार्यवाही’ मागणाऱ्या पत्राला उत्तर कशाचे द्यायचे हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

या मागणीला कायद्याचा आधार आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. तिच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०१८ च्या जानेवारीत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची आहे, शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावयाची आहे, आणि शंका आल्यास पुढे पाठवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे. द्विशिक्षकी शाळेत ही समिती म्हणजे तुम्ही दोघेच, हे उघड आहे; तरी बैठकीची दोन ओळींची नोंद इतिवृत्तात असावी. तुमचा विद्यार्थी चौथीत आहे, म्हणजे आधीच थोडा उशीर झालेला आहे, ही गोष्ट पत्रात लिहायला संकोच करू नये.

पुढची तपासणी बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. बालरोगतज्ज्ञ मज्जासंस्था, दृष्टी आणि श्रवण पाहतात. मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या घेतात. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेतच व्हावी, म्हणून शाळेचे माध्यम आणि घरची बोली दोन्ही पत्रात लिहावीत. हे एका फेरीत होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. या अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे असते. गुहागरहून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जायचे म्हणजे तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून पुढे जाणे, किंवा रस्त्याने मोठा वळसा घेणे. आजीचा एक पूर्ण दिवस आणि तिच्या बरोबर येणाऱ्याची मजुरी त्यात जाते. त्यामुळे संबंधित तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे शाळेने किंवा गट साधन केंद्राने फोन करून विचारल्याशिवाय कोणालाही घराबाहेर काढू नये. एकदा हेलपाटा झाला की ती आजी दुसऱ्यांदा येत नाही, आणि तिला दोष देता येत नाही.

घरच्यांशी बोलणे हा या सर्व कामातील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि कोकणात त्याला एक खास अडचण आहे. ‘रत्नागिरीला न्या’ हे शब्द ऐकले की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर तेथील मनोरुग्णालय उभे राहते. ब्रिटिश काळापासूनचे ते रुग्णालय या भागात इतके माहीत आहे, की गावाच्या बोलण्यात ‘रत्नागिरीला पाठवा’ ही थट्टाही होऊन बसली आहे. म्हणून ‘जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे, वाचायला का जड जाते ते पाहायला’ असे पूर्ण वाक्य बोलावे. निदान तुम्ही सांगू नये. ‘तुमच्या नातवाला अमुक आजार आहे’ हे वाक्य शिक्षकाच्या अधिकारातले नाही आणि ते चुकीचेही ठरू शकते. मुलाला काय छान येते ते आधी सांगावे, मग वही उघडून दाखवावी आणि घरी काय दिसते ते विचारावे. आजी पुष्कळदा अशी माहिती देते जी शाळेला कधीच मिळाली नसती : उशिरा बोलू लागला, लहानपणी तापात झटका आला होता, वडिलांनाही शाळेत वाचन जमले नव्हते. शेवटची गोष्ट विशेष लिहून ठेवावी, कारण वाचनाची अडचण कुटुंबात उतरताना दिसते.

परंतु निर्णय बहुधा आजीच्या हाती नसतो. तिच्यासमोर सही घेऊन मोकळे होऊ नये. आईवडिलांशी फोनवर स्वतः बोलावे, आणि तेही आजीने त्यांना ‘बाई काहीतरी वेड्यासारखे सांगत होत्या’ असे कळवण्यापूर्वी. वडील बोटीवर असतील तर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि ते घरी असतात. मुंबईचे पालक गणपतीला आणि शिमग्याला येतात. तपासणीची तारीख या काळाच्या आसपास मागून घेतली तर पालक स्वतः मुलाबरोबर जातात, आणि तज्ज्ञांचे म्हणणे थेट त्यांच्या कानावर पडते. ही सवलत तपासणीच्या तारखेपुरतीच. डोळे-कान दाखवण्यासाठी किंवा वर्गातील मदतीसाठी कोणत्याही सणाची वाट पाहू नये. काही घरांत आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाईल किंवा कौल लावला जाईल. त्याला विरोध करून वेळ घालवू नये. गाऱ्हाणे घालून झाले की त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख ठेवावी. दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र चालतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

हे सर्व संभाषण बंद दाराआड व्हावे. वर्गात सर्वांसमोर नाव घेणे, पालकसभेत उदाहरण देणे किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘खालील विद्यार्थ्यांनी तपासणीस उपस्थित राहावे’ अशी यादी टाकणे, यांपैकी एकही गोष्ट करू नये. वाडी लहान असते. सकाळी टाकलेली यादी संध्याकाळपर्यंत नळावर चर्चिली जाते आणि मुलाला नवे नाव मिळते.

आणि घरचे नाहीच म्हणाले तर? तपासणीची सक्ती करता येत नाही, करूही नये. पण वर्गातील मदतीला प्रमाणपत्र लागत नाही, हे मात्र पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात आलेले नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून गरज असेल तर जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांशी नियमित बोलणे ही शिक्षकाची कर्तव्येच आहेत. त्यामुळे नकार आला तरी त्याच दिवसापासून काही गोष्टी सुरू करता येतात. त्याला फळ्याजवळ बसवावे. उतारा त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याचा आग्रह सोडावा. परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी घ्यावीत आणि ती त्याची उत्तरे म्हणून नोंदवावीत. ज्ञान तपासायचे असेल तर लेखनाची परीक्षा मध्ये आणू नये. जोडाक्षरे एका वेळी एकाच गटाची घ्यावीत, आणि शब्द वाळूत किंवा पाटीवर बोटाने गिरवून, उच्चारून, मग वहीत लिहून घ्यावेत. रोजची पंधरा मिनिटे ही आठवड्यातून एकदाच्या दीड तासापेक्षा अधिक उपयोगी पडतात. दोन महिन्यांनी तीच दुसरीची पाच ओळींची चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही नोंदी पालकांपुढे ठेवाव्यात. पहिल्या भेटीत ठाम नाही म्हणणारे आईवडील या दुसऱ्या भेटीत पुष्कळदा स्वतःच ‘मग कधी नेऊया?’ असे विचारतात, कारण तोपर्यंत बाई मुलाच्या बाजूच्या आहेत हे त्यांना पटलेले असते.

याच्याशी गल्लत होऊ नये अशी एक बाब वेगळी सांगतो. एखादे मूल एकाएकी मागे पडू लागले, गप्प झाले, एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरू लागले आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर वर सांगितलेला कोणताही क्रम लागू होत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. शाळेत आधी चौकशी करणे, मुलाला पुन्हा-पुन्हा विचारणे किंवा गावातील प्रतिष्ठितांना मध्ये घेणे, हे सर्व मुलाचे नुकसान करते. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. मोठा विद्यार्थी जगणे नको असल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, पालकांना त्याच दिवशी बोलवावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शिफारस झाल्यानंतरचा पाठपुरावा शाळेकडेच राहतो. पत्र दिल्याच्या तारखेपासून एक महिन्याने स्मरणपत्र द्यावे. तज्ज्ञांनी जे लिहून दिले ते वर्गातील भाषेत उतरवून विशेष शिक्षकाबरोबर वैयक्तिक शिक्षण योजना करावी. तीन महिन्यांत गाठता येईल असे एक-दोन हेतूच तिच्यात असावेत. दिव्यांगत्व निश्चित झाले की मगच यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत, त्याची नोंद करावी. शंकेवरून कोणाचीही नोंद करू नये, पण निश्चित झाल्यावर ती राहूनही देऊ नये, कारण पुढील साहाय्य या नोंदीच्या आधारानेच ठरते.

दहावीच्या परीक्षेतील वाढीव वेळ आणि लेखनिक या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते कोकण मंडळ आहे, रायगडची शाळा असेल तर मुंबई मंडळ. तेव्हा मूल चौदाव्या वर्षाच्या फेरतपासणीतून गेलेले असावे लागेल, म्हणून आठवीतच तारीख घ्यावी लागते. दहावीच्या डिसेंबरमध्ये प्रमाणपत्रासाठी धावणारे पालक दरवर्षी दिसतात, आणि त्यांतील अनेकांच्या मुलाची अडचण चौथीच्या बाईंना स्पष्ट दिसलेली होती.

तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वांत जवळची तारीख मात्र येत्या जूनची आहे. चौथी संपली की तो दुसऱ्या शाळेत जाईल, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात यातले काहीच लिहिलेले नसते. पालकांची संमती घेऊन नोंदवही, पत्रांच्या प्रती आणि योजनेचा कागद एका फायलीत लावावा, आणि नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना शक्य झाल्यास प्रत्यक्ष भेटून ती द्यावी. फायलीच्या पहिल्या पानावर त्याला काय येते ते, काय केल्याने वाचन सुधारले ते, आणि पुढची तपासणी केव्हा आहे ते लिहावे.